दोष कुणाचा, हे न विचारता

बाळंतीण दगावली की एक तर नशिबाला बोल लावला जातो, नाहीतर थेट डॉक्टरची कॉलर धरली जाते. या दोन्हींच्या मधला एक रस्ता इंग्लंडने १९५२ साली काढला, त्याची ही गोष्ट.

१९३०च्या सुमारास तिथे दर हजार बाळंतपणांमागे चारेक बायका मरायच्या. हो, इंग्लंडमध्येच! सरकारने १९२८ साली समिती नेमली. तिने सांगितलं, जवळजवळ निम्मे मृत्यू टाळता आले असते. पुढे सल्फा औषधं, पेनिसिलिन आणि रक्तपेढ्या आल्या, आकडे झपाट्याने खाली आले. उरलेल्या मृत्यूंचं काय?

त्यासाठी १९५२ पासून नवी पद्धत सुरू झाली. प्रत्येक मृत्यूची हकीकत उपचार करणाऱ्यांनीच लिहायची. ज्येष्ठ डॉक्टरांनी ती तपासायची. नावं काढून टाकायची. दर तीन वर्षांनी अहवाल छापायचा आणि मग मूळ कागद चक्क नष्ट करायचे! सर्व्हर पडल्यावर "कुणी पाडला?" न विचारता "कसा पडला?" विचारतात ना, तसंच.

उपयोग झाला? बेकायदा गर्भपाताने होणारे मृत्यू या अहवालांत नोंदले जात राहिले. १९६७ साली गर्भपाताचा कायदा झाला आणि १९८२-८४च्या अहवालात असा एकही मृत्यू नव्हता. सिझेरियननंतर रक्ताच्या गुठळीने बायका जातात, हेही अहवालांनी दाखवलं. १९९५ साली त्यावर नियमावली आली आणि ते मृत्यू घटले.

आपल्याकडे केरळच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये हीच पद्धत उचलली. २०१० मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी नियम काढले. महाराष्ट्रात याला 'माता मृत्यू अन्वेषण' म्हणतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत मृत बाईच्या नातेवाइकांनाही बोलवायचं, असं त्या नियमांत आहे. कुणाला शिक्षा करणं हा हेतू नाही, हेही लिहिलंय. भारतात लाख जिवंत जन्मांमागे २००४-०६ मध्ये २५४ माता दगावत, २०१८-२० मध्ये ९७, महाराष्ट्रात ३३. याचं श्रेय एकट्या अन्वेषणाचं नाही, हे उघड आहे.

पण नियम कागदावर असले तरी निलंबनाची भीती मनातून जात नाही. भीती असली की केसपेपरवर "हृदयक्रिया बंद पडून" एवढंच येतं. ती तर प्रत्येकाचीच बंद पडते! गाडी किती वाजता आली, रक्ताची पिशवी कुठून आणावी लागली, हे मोकळेपणी लिहिलं गेलं नाही, तर पुढच्या बाईलाही गाडी तितक्याच उशिरा मिळणार.