जुन्या ओम्नीचा हँडब्रेक ढिला? केबल ताणण्याआधी मागचे ड्रम उघडून पाहा

हुडकेश्वर : हुडकेश्वर, नरसाळा, पिपळा भागातून भाजीपाला घेऊन कॉटन मार्केट किंवा कळमन्याला जाणाऱ्या जुन्या मारुती ओम्नी आजही रस्त्यावर दिसतात. १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी २०१९ मध्ये बनणे बंद झाले. म्हणजे सर्वात नवी ओम्नीही आता जुनीच. अशा गाडीत हँडब्रेक ढिला झाला की बरेच जण केबल ताणून मोकळे होतात. दोष मात्र बहुतेकदा ड्रममध्ये असतो.

हँडब्रेक काम कसा करतो?
लिव्हर ओढलं की केबल मागच्या दोन्ही चाकांतले ब्रेक शू ड्रमवर दाबते. पायाचा ब्रेक हेच शू ऑइलच्या दाबाने हलवतो. लायनर झिजले की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि लिव्हर जास्त वर येतं. नुसती केबल ताणली तर लिव्हर घट्ट लागतं, पण लायनर झिजलेलेच राहतात. जास्त ताणली तर शू ड्रमला घासत राहतात, चाक तापतं आणि पेट्रोलही जास्त लागतं.

तपासणी अशी करा
– गाडी सपाट जागी उभी करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गोटे लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. मागून जॅक लावल्यावर स्टँडही द्या. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका.
– चाक हाताने फिरवा. अडकत असेल तर शू घासतात किंवा केबल जाम आहे.
– ड्रम काढल्यावर धूळ फुंकू नका, हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसा.
– लायनर १ मिमीपर्यंत आले असतील तर बदला. एकाच बाजूचे नाही, दोन्ही चाकांचे.
– व्हील सिलिंडरचं रबर हळूच उचला. आत ओल असेल तर ब्रेक ऑइल गळतंय. दाट, गिअर ऑइलच्या वासाचं तेल असेल तर ॲक्सलचं ऑइल सील गेलं. तेल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू नका, बदलाच.
– केबल कव्हरमध्ये सहज सरकते का पाहा. पावसाळ्यात चिखल-पाणी शिरून ती गंजते.

आधी शू, मग केबल
शूचं अंतर आधी बरोबर करा. ॲडजस्टर आपोआप चालणारा असेल तर तो जाम नाही ना, हे बघा. पायाचा ब्रेक चार-सहा वेळा दाबा. त्यानंतरच केबल कसा. लिव्हर खाली असताना दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत आणि ओढल्यावर दोन्ही सारखी धरली पाहिजेत.

ब्रेक ऑइलची पातळी घटत असेल किंवा पॅडल खाली जात असेल तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. पाईप उघडला तर हवा काढावीच लागते.

चढावर माल उतरवताना हँडब्रेकसोबत गिअर टाका आणि चाकाला गोटा लावा. गाडीमागे पोरं खेळत असतात, हे विसरू नका. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू ड्रमला चिकटतात. तेव्हा सपाट जागा, गिअर आणि गोटे एवढं पुरतं.