भय, हसू आणि झाडीतली रात्र

नोव्हेंबर उजाडला की आपल्या दफनभूमीत मेणबत्त्या लागतात. दोन तारखेला सर्व मृतांचे स्मरण करून, आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहून आपण घरी परततो. साधारण त्याच सुमारास भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी चाललेली असते आणि दिवाळी सरताच गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि पाहुणेरावळे, रात्री दंडार किंवा नाटक. खेळ सुरू व्हायला अवकाश असला की शेकोटीभोवती भुताखेतांच्या गोष्टी निघतात. मृतांचे स्मरण, भुतांची भीती आणि नाटकातला विनोद, ही तिन्ही एकाच थंडीत आणि एकाच अंधारात नांदत असतात.

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आपण ज्या सहज गप्पा मारतो, त्यांत या विषयावरची मतेही सहजच व्यक्त होतात. भुताच्या गोष्टींनी मुले बिघडतात, असे एखादी आई म्हणते. हल्लीचे विनोदी सिनेमे म्हणजे नुसता पोरकटपणा, असे एखादे आजोबा म्हणतात. भुताचा सिनेमा पाहणे ख्रिस्ती माणसाला शोभते का, असेही कोणी विचारतो. ही मते चुकीची नाहीत, पण घाईची आहेत. भय आणि हसू या दोन्हींना इतिहास आहे. तो थोडा उलगडून पाहिला, तर आपल्याला खरोखर कशाची भीती वाटायला हवी, हे अधिक स्पष्ट होईल.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. त्यांपैकी गोंदिया 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातूनच वेगळा झाला. वैनगंगेचे खोरे, शेकडो तलाव, धानाची शेते आणि त्यांना वेढून असलेले रान असा हा मुलूख. अशा प्रदेशात भयकथा जन्माला येणे स्वाभाविकच होते. येथील सर्वांत ओळखीचे भय म्हणजे चकवा. चकवा लागला की रोजच्या पायाखालच्या रानातही माणूस वाट चुकतो आणि रात्रभर फिरून पहाटे त्याच झाडापाशी येऊन उभा राहतो, असे म्हणतात. नवेगावबांधच्या अरण्यात वनाधिकारी म्हणून अनेक वर्षे घालवलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘चकवाचांदण’ हे नाव दिले. त्यांना 2025 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात ते निवर्तले.

हा चकवा निव्वळ कल्पना नव्हे. जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी माणसांना घनदाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांच्या वाटा नोंदवल्या. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, सूर्य किंवा चंद्र नजरेस असेपर्यंत माणसे बऱ्यापैकी सरळ चालतात. तो ढगाआड गेला की त्यांच्या नकळत त्यांची वाट वळत जाते आणि ती आपल्याच पावलांवर परत येतात. म्हणजे झाडीतल्या वाटसरूचा अनुभव खरा होता, त्याने दिलेले कारण तेवढे वेगळे होते. त्या गोष्टीत शहाणपणही होते. अंधाऱ्या रात्री एकट्याने रानात शिरू नये, हे मुलाला बजावून सांगण्यापेक्षा चकव्याची गोष्ट सांगणे अधिक परिणामकारक ठरत असे.

याच मुलखाने हसण्याचीही मोठी परंपरा निर्माण केली. दंडार आणि खडी गंमत हे येथील लोकनाट्याचे जुने प्रकार. त्यांत स्त्रियांची कामे पुरुषच करीत. नाच, गाणे आणि नकला यांच्या आधाराने रात्र जागवली जाई. गावात ज्यांच्यापुढे मान वर करण्याची सोय नव्हती, त्यांची थट्टा सोंगाच्या आडून करता येई. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि येथील लोककला यांचा अभ्यास मोठ्या निष्ठेने केला, म्हणून या परंपरेकडे सुशिक्षितांचे लक्ष वळले. पुढे या मुळांवरच झाडीपट्टीची नाट्यसृष्टी उभी राहिली. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि रात्री नाटक, अशी तिची रीत पडली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अशा शर्यतींवर बंदी आली आणि 2021 साली त्यांना पुन्हा सशर्त वाट मोकळी झाली. पण मधल्या काळातही नाटके थांबली नाहीत. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे नाटक कंपन्यांचे मोठे केंद्र आहे. येथील नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. कथानक कितीही करुण असो, त्यात विनोदी पात्र हवेच, अशी प्रेक्षकांची मागणी असते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. दिवसभर धान कापून आलेल्या माणसाला रडता रडता हसवणे हे हलके काम नव्हे, याची ती पावतीच होय.

शेकोटीवरची गोष्ट आणि मंडपातले सोंग पुढे छापील पानावर आणि पडद्यावर आले. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने गूढ आणि अद्भुत कथेला मराठीत हक्काचे घर दिले. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचनालयांतून हातोहात फिरल्या. धारपांच्या अनेक कथांत दुष्ट शक्तीपुढे ‘समर्थ’ उभे राहतात आणि वाईटाचा पराभव होतो. मतकरींचे भूत पुष्कळदा माणसाच्या मनातच दडलेले असते. विनोदी चित्रपटाचा वारसाही तितकाच जुना आहे. मास्टर विनायकांचा, आचार्य अत्रे यांनी लिहिलेला ‘ब्रह्मचारी’ 1938 साली आला. दादा कोंडके यांच्या 1971 सालच्या ‘सोंगाड्या’ने तर तमाशातल्या सोंगाड्यालाच नायक केले.

मग या दोन वाटा एकमेकींना मिळाल्या. 1982 साली ‘एक डाव भुताचा’ आला आणि त्यातले भूत प्रेक्षकांना जिवलग वाटले. 1993 साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याने, म्हणजे तात्या विंचूने, मुलांना घाबरवले आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्याच मुलांना पोट धरून हसवले. त्या काळातले कित्येक बालप्रेक्षक आता स्वतः आईबाप झाले आहेत. त्या बाहुल्याची आठवण काढून ते आजही हसतात. जे भय हसण्यात विरून जाते, ते मुलाला दुबळे करीत नाही. अंधारातून हात धरून बाहेर काढणारे कोणी तरी असते, हा विश्वास ते त्याला देते.

ख्रिस्तसभेने या दोन्ही भावनांकडे कसे पाहिले? पवित्र शास्त्रात दोन्ही आहेत. वादळी रात्री पाण्यावरून चालत येणाऱ्या प्रभू येशूला पाहून शिष्य भूत समजून ओरडले. पुनरुत्थानानंतरही त्यांना तोच भास झाला, तेव्हा प्रभूने त्यांना आपले हातपाय दाखवले आणि त्यांच्यासमोर मासा खाल्ला. भ्यालेल्या शिष्यांना त्याने झिडकारले नाही. तो त्यांच्याजवळ आला. दुसरीकडे, म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा हसली. देवाने ते हसू वाया जाऊ दिले नाही. तिच्या मुलाचे नाव इसहाक पडले आणि त्या नावाचा संबंध हसण्याशीच आहे.

मध्ययुगीन युरोपात धार्मिक नाटके होत, त्यांतला सैतान एकाच वेळी भीतिदायक आणि हास्यास्पद असे. जर्मन प्रदेशांत पंधराव्या-सोळाव्या शतकांत पुनरुत्थानाच्या सणाला धर्मगुरू प्रवचनात विनोदी गोष्टी सांगून भाविकांना हसवीत. मरणाचीच फजिती झाली, हा त्यामागचा भाव. पुढे त्यात अतिरेक शिरला, टीका झाली आणि ती प्रथा आवरावी लागली. चित्रपटांचे युग आले तेव्हा पोप अकरावे पायस यांनी 1936 साली या नव्या माध्यमाविषयी परिपत्रक काढून धोक्यांची जाणीव दिली. चित्रपटाची चांगले घडवण्याची ताकदही त्यांनी मान्य केली. 1995 साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने 45 उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आहे, ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ हा इंग्रजी विनोदी चित्रपट आहे आणि ‘नोस्फेरातु’ हा 1922 सालचा रक्तपिपासू पिशाचाचा मूकपटही आहे! 14 जून 2024 रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभरावर विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये भेटीस बोलावले. आपण आपल्या प्रिय माणसांची थट्टा करतो तशी देवाशीही थट्टा करता येते, असे त्यांनी त्या भेटीत सांगितले. मात्र भाविकांच्या भावना दुखावू नयेत, हेही बजावले. तेव्हा भयकथा किंवा विनोद ख्रिस्ती घराला वर्ज्य आहे, असे म्हणायला आधार नाही.

मग काळजी कशाची करायची? भय गोष्टीत असते तोवर धोका नसतो. ते गोष्ट सोडून शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहते, तेव्हा खरा अनर्थ होतो. या बाबतीत आपला स्वतःचा इतिहासही निष्कलंक नाही, हे नम्रपणे कबूल करावे लागेल. 1486 च्या सुमारास हाइनरिश क्रामर या डॉमिनिकन धर्मगुरूने चेटकिणींना हुडकून शिक्षा कशी द्यावी, यावर ग्रंथ लिहिला. पुढची दोन शतके युरोपात, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशा दोन्ही प्रदेशांत, हजारो निरपराध माणसे चेटकाच्या आरोपाखाली मारली गेली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पण त्याच अंधारात फ्रीडरिश श्पे नावाचा एक येशूसंघीय धर्मगुरू उभा राहिला. 1631 साली त्याने आपले नाव न घालता पुस्तक प्रसिद्ध केले आणि छळ करून मिळवलेली कबुली हा पुरावा नव्हे, असे ठासून मांडले. तशा छळाखाली कोणीही काहीही कबूल करील, हे त्याने सत्तेवर असलेल्यांना सुनावले. 1635 साली ट्रियर येथे साथीने आजारी पडलेल्या सैनिकांची सेवा करताना त्याला मरण आले.

श्पेची आठवण झाडीपट्टीला परकी वाटू नये. करणी, जादूटोणा यांच्या संशयावरून या भागात माणसांना आजही मार खावा लागला आहे. ऑगस्ट 2021 मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील एका गावात, वृद्ध स्त्री-पुरुषांसह सात जणांना अशाच संशयावरून बांधून मारहाण झाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे धडपड केली, त्याचा अध्यादेश 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर चारच दिवसांनी निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखाद्यावर करणीचा आरोप करून त्याचे जगणे अवघड करणे हा त्यान्वये गुन्हा आहे. भुताची गोष्ट सांगायला मात्र या कायद्याची आडकाठी नाही. गोष्ट आणि आरोप यांतली जी सीमारेषा आपण घरात विसरतो, ती कायद्याने नेमकी ओळखली आहे.

हसण्यालाही हीच कसोटी लावावी. दंडारीतला नकलाकार सावकाराची नक्कल करी, तेव्हा दुबळ्यांना बळ येत असे. झाडीबोलीतला विनोद झाडीतल्याच प्रेक्षकांसमोर होतो, तेव्हा ती माणसे स्वतःवर प्रेमाने हसतात. पण तीच बोली शहरात गेलेल्या मुलाच्या तोंडून ऐकून वर्ग हसतो, तेव्हा ते मूल गप्प होते. तोतरेपणा, काळा रंग, लठ्ठपणा यांवर बेतलेले विनोद आपण सिनेमात पाहतो आणि घरी आल्यावर त्याच नावांनी कोणाला तरी हाक मारतो. रंगमंचावर स्त्रीवेष घेऊन गावाला रिझवणाऱ्या कलावंताला दुसऱ्या दिवशी रस्त्यात चिडवले जाई. त्याच्या कलेवर आपण हसलो की त्याच्या जिवावर, हा प्रश्न त्या गावाला पडायला हवा होता. तो आपल्यालाही पडायला हवा.

म्हणून मुलांनी भुताची गोष्ट मागितली तर जरूर सांगावी. चकव्याची सांगावी, आणि ढगाळ रात्री माणूस गोल गोल का फिरतो तेही सांगावे. त्यांच्याबरोबर बसून विनोदी सिनेमा पाहावा आणि मोकळेपणाने हसावे. पण गोष्टीतली हडळ ही गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीसारखी दिसते, असे मूल म्हणाले, तर तिथे गोष्ट थांबवावी. दुसऱ्या दिवशी त्याला हाताशी धरून त्या म्हातारीच्या घरी जावे आणि तिच्याशी चार शब्द बोलून यावे. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो, कारण ते आपले आहेत, भिण्याजोगे परके नाहीत. जिवंत शेजाऱ्यालाही आपण तेवढेच आपले मानायला हवे.