श्वानासह सिंहगड : उन्हातली चढण

पुण्याजवळील सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. आतकरवाडीहून गडावर जाणारी पायवाट खड्या चढणीची असून तिच्या बऱ्याच भागात सावली नाही. पाळीव कुत्र्याला या वाटेने नेताना त्याची शरीररचना ध्यानात घ्यावी लागते. माणसाप्रमाणे त्याला अंगभर घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो मुख्यत्वे धापेवर अवलंबून असतो. म्हणूनच पग, बुलडॉग अशा आखूड नाकाच्या जातींना उन्हातली ही चढण वर्ज्य समजावी.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान सामान्यतः ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते; ते ४१ अंशांपलीकडे गेल्यास जिवाला धोका संभवतो. न थांबणारी धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या आणि झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी त्याला सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा व त्यानंतर विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी खाली उतरावे. कुत्र्यासाठी पाणी वेगळे बाळगावे. ज्या कातळावर आपला तळहात पाच-सात सेकंद टेकवत नाही, तेथे त्याचे पंजेही पोळतात. थकला तरी श्वान धन्यामागे चालतच राहतो. त्यामुळे परत फिरण्याचा निर्णय धन्यानेच वेळीच घ्यावयाचा असतो.