अंगावरून जाणे : गडचिरोली ते गोवा, एका दुर्लक्षित दुखण्याचा इतिहास

१/ जानेवारी १९८९. ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ६५० स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली होती. ज्या दुखण्याचा उच्चार घरातही होत नसे, त्याची ही पहिली मोठी मोजदाद होती.

२/ निष्कर्ष धक्कादायक होते. ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग होता आणि दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग आढळले. त्यांतील निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. याआधी तपासणी आणि उपचार लाभले होते केवळ ८ टक्के स्त्रियांना.

३/ त्याच निबंधातील आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. ४५ टक्के स्त्रियांची कोणतीही तक्रार नव्हती. त्या खरोखरच निरोगी होत्या, की ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ म्हणून गप्प होत्या? आणि त्रास नसेल, तर सौम्य संसर्गावर औषध द्यावे का? पुढील इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

४/ त्यासाठी थोडे मागे जाऊ. १८९२ मध्ये जर्मन वैद्य आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी दाखवले, की निरोगी योनिमार्गातही जंतू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे घातक जंतूंना अटकाव होतो. म्हणजे जंतू असणे हा रोग नव्हे आणि थोडा पांढरा स्राव हाही रोग नव्हे.

५/ हा समतोल ढळला की त्रास होतो. मित्रजंतू घटून इतर जंतू माजले, तर तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस. गार्डनर आणि ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये त्याचा संबंध एका विशिष्ट जंतूशी जोडला, परंतु पुढे तो अनेक जंतूंचा एकत्रित बिघाड असल्याचे उमगले. कॅन्डिडा ही बुरशीही पुष्कळदा शरीरात आधीपासूनच असते. ट्रायकोमोनास मात्र वेगळा. १८३६ मध्ये पॅरिसच्या आल्फ्रेड दोने यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला हा परजीवी लैंगिक संबंधांतून पसरतो.

६/ आता पुन्हा भारताकडे. तोवर सरकारी आरोग्यसेवा स्त्रीकडे मुख्यतः दोनच नात्यांनी पाहत असे : गरोदर माता आणि कुटुंबनियोजनाची लाभार्थी. १९९४ च्या कैरो परिषदेत प्रजनन आरोग्य हा हक्क म्हणून मांडला गेला. १९९७ मध्ये भारताने प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू केला आणि जननमार्गाचे संसर्ग सरकारी कार्यक्रमाच्या कक्षेत आले.

७/ पण खेडोपाडी प्रयोगशाळा कोठून आणायची? जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला मार्ग होता लक्षणांवरून उपचाराचा. भारतात यथावकाश रंगीत औषधसंच आले. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार असेल तर हिरवा संच : एक औषध व्हजायनोसिस व ट्रायकोमोनाससाठी, दुसरे बुरशीसाठी. सोय झाली, पण तपासणीविना औषध देण्याची वाटही रुळली.

८/ या वाटेतील खाचखळगे दाखवले गोव्याने. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दर सात जणींत सुमारे एकीची अंगावरून जाण्याची तक्रार होती. या तक्रारीचा नैराश्य, चिंता, थकवा आणि अंगदुखी यांच्याशी घट्ट संबंध दिसला. लैंगिक संबंधांतून पसरणारे संसर्ग थोड्याच जणींत होते. अनेकींच्या वेदनेवर हिरवा संच हे उत्तरच नव्हते.

९/ मग गडचिरोलीचा अभ्यास चुकला होता का? त्यातील रोगाची व्याख्या व्यापक होती, मासिक पाळीच्या तक्रारीही त्यात मोजल्या होत्या. यावर पुढे चर्चा झाली. परंतु दोन्ही अभ्यास परस्परांना खोडून काढत नाहीत. तक्रार नसली तरी रोग असू शकतो, हे एकाने दाखवले. तक्रार असली तरी संसर्ग असेलच असे नाही, हे दुसऱ्याने.

१०/ ‘सापडला जंतू की दे औषध’ या समजुतीलाही धक्का बसला. लक्षणे नसलेल्या व्हजायनोसिसवर गरोदरपणी औषध दिल्यास अकाली प्रसूती टळेल, अशी आशा होती. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, १,९५३ गर्भवतींवरील अमेरिकी चाचणीत मेट्रोनिडाझोलने तो लाभ झाला नाही.

११/ आजची वैद्यकीय समज अशी : लक्षणे नसलेल्या व्हजायनोसिसला वा नुसत्या बुरशीच्या अस्तित्वाला सहसा औषध लागत नाही. खाज, जळजळ, दुर्गंधी असेल तर तपासून उपचार करावेत. ट्रायकोमोनास आढळल्यास त्रास नसला तरी उपचार हवेत, आणि जोडीदारालाही. ताप, ओटीपोटात दुखणे, अवेळी रक्तस्राव किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको.

१२/ म्हणून दुखणे ‘किरकोळ’ आहे की नाही, हे तपासणीनंतर ठरावे, आधी नव्हे. गडचिरोलीच्या त्या ६५० जणींतील बहुतेकींच्या बाबतीत ते कोणीही न तपासताच ठरून गेले होते. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आणि तह सापडतात. या ८ टक्क्यांची नोंदही तिथे असायला हवी.