मैलांचें चलन

हिंजवडीहून चिंचवड फार दूर नाहीं. पेशवाईंत चिंचवडास टांकसाळ होती. त्या काळीं रुपया म्हणून एकच नाणें नव्हतें. अंकुशी रुपया निराळा, चांदवडी निराळा. एकाच्या ऐवजीं दुसरा घ्यावयाचा तर सराफास बट्टा द्यावा लागे. नाण्यावर नांव दिल्लीच्या बादशहाचें असलें तरी त्याची खरी किंमत टांकसाळवाल्याच्या सचोटीवर आणि सराफाच्या पारखीवर ठरत असे. पुढें देशभर एक रुपया झाला आणि हा पेच कायमचा मिटला, असें आम्ही समजत होतों. परंतु हिंजवडींतील एका घरीं बसून विमानी मैलांचा हिशेब ऐकला, तेव्हां तो पेच नव्या वेषांत परत आला आहे अशी आमची खात्री झाली.

घर तेथल्या इतर घरांसारखेंच होतें: उंच इमारतींतील बिऱ्हाड, पुस्तकांचें एक कपाट, आणि भिंतीवर दोन घड्याळें, एक इथल्या वेळेचें व दुसरें अमेरिकेच्या. मुलगा संगणकाच्या कामावर. पंधरा वर्षांत तो कामानिमित्त कितीदां तरी समुद्रापलीकडे जाऊन आलेला. त्याच्या आईचें वय त्र्याहत्तर, गुडघे दुखरे, आणि लेकीचें बाळंतपण न्यू जर्सींत. मुंबईहून तेथवर एका दमांत जावयाचें म्हटलें तरी पंधरा-सोळा तास लागतात. मुलानें तिच्यासाठीं बिझिनेस क्लासची, म्हणजे खुर्चीचा सपाट पलंग होतो अशी, जागा घेतली होती. "आई, या खेपेस तूं बसून नाहीं, झोपून जायचेंस," तो म्हणाला. "एवढे पैसे कुठून आणलेस?" माउलीनें विचारलें. "पैसे नाहींत, मैल आहेत." तेव्हां ती जें बोलली तें आमच्या मनांत राहिलें आहे: "मैल तूं हिंडलास, आणि गादीवर मी निजूं?"

हे मैल आले कोठून, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. गिऱ्हाइकास खरेदीबरोबर तिकिटें द्यावयाचीं व तीं सांचलीं म्हणजे एखादी वस्तु फुकट द्यावयाची, ही युक्ति जुनी. अमेरिकेंत स्पेरी व हचिन्सन यांनीं १८९६ सालीं अशीं हिरवीं तिकिटें काढलीं आणि पुढें कित्येक दशकें तेथल्या गृहिणी तीं वह्यांत चिकटवीत राहिल्या. विमानांच्या धंद्यांत ही युक्ति शिरण्यास निमित्त झालें तें १९७८ च्या कायद्याचें. त्या वर्षीं अमेरिकन सरकारनें भाड्यांवरील व मार्गांवरील आपलें नियंत्रण काढून घेण्याचें ठरविलें. कंपन्यांमध्यें चढाओढ लागली. आकाश एकच, विमानें त्याच कारखान्यांतलीं; मग उतारूनें आपल्याकडेच कां यावें? टेक्सस इंटरनॅशनल या कंपनीनें १९७९ सालीं उत्तराचा एक प्रयत्न केला. परंतु आजच्या पद्धतीचा खरा आरंभ १ मे १९८१ या दिवशीं अमेरिकन एअरलाइन्सनें केला. त्याच महिन्यांत युनायटेडनें तिचें अनुकरण केलें. जितके मैल उडाल तितके मैल खात्यावर जमा, आणि पुरेसे जमले म्हणजे एक प्रवास बक्षीस. रिकामी जाणारी खुर्ची देण्यास कंपनीचें फारसें कांहीं खर्च होत नव्हतें. गिऱ्हाईक मात्र बांधलें जात होतें.

बिझिनेस क्लासही त्याच सुमाराचा. एअर इंडियाचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनीव्हा मार्गें लंडनास प्रथम निघालें, तेव्हां असा मधला वर्ग कोठेंच नव्हता. पुढें स्वस्त वर्ग निघाले, आणि पुरें भाडें भरणारा व्यापारी व सवलतीनें जाणारा सहलवाला शेजारीं शेजारीं बसूं लागले. व्यापाऱ्याची नाराजी दूर करण्यासाठीं १९७८-७९ च्या सुमारास पॅन अ‍ॅम, क्वांटस इत्यादि कंपन्यांनीं हा तिसरा वर्ग काढला. ब्रिटिश एअरवेजनें २००० सालीं त्यांत सपाट पलंग आणला. तेव्हांपासून त्या जागेचें मोल मानापेक्षां झोपेवर ठरूं लागलें.

हिंजवडीचा या सर्वांशीं संबंध काय? पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं हें मुळशी तालुक्यांतील म्हातोबाचें एक गांव होतें. नव्वदाव्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक विकास महामंडळानें येथें संगणकउद्योगाची वसाहत वसविली; इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्या आल्या. काम करणारा येथें आणि काम देणारा सातासमुद्रांपलीकडे, असा हा धंदा. म्हणून माणसें पाठवावीं लागलीं. पुण्याच्या परिसरांतील उद्योगांची ही येजा इतकी वाढली कीं, लुफ्तान्सानें जुलै २००८ मध्यें पुण्याहून फ्रँकफुर्टास जें विमान सुरू केलें, त्यांत आरंभीं सर्वच्या सर्व जागा बिझिनेस क्लासच्या होत्या! लोहगांवची धांवपट्टी हवाईदलाची आणि आखूड, म्हणून विमान लहान. अर्थात् त्या जागांचें भाडें बहुधा कंपन्यांच्या तिजोरींतून जात असे. साध्या कामावर जाणारा तरुण द्रुतगति मार्गानें रात्रीं मुंबई गांठी, मागच्या रांगेंत गुडघे आखडून बसे, आणि त्याच्या खात्यावर मैल जमा होत.

ते वापरावयाचे तर त्याचेंही एक शास्त्र आहे. कंपन्या प्रत्येक विमानांतील मोजक्याच जागा मैलांवर देतात. कांहीं सुमारें अकरा महिने आधीं, कांहीं न खपल्यास अगदीं शेवटच्या दिवसांत. १९९७ सालीं पांच कंपन्यांनीं स्टार अलायन्स हा संघ स्थापला, एअर इंडिया २०१४ सालीं त्यांत गेली. त्यामुळें एका कंपनीचे मैल दुसरीच्या विमानांत चालतात. १९८७ पासून बँकांच्या कार्डांवरही मैल मिळूं लागले, म्हणजे किराणा भरतांनाही प्रवास जमूं लागला. कार्डाचे गुण कंपनीच्या मैलांत बदलतांना पुष्कळदां बट्टा लागतो, आणि एकदां बदललेले सहसा परत फिरत नाहींत. म्हणून जाणता माणूस आधीं जागा शोधतो, मग गुण बदलतो. कर व अधिभार रोख द्यावे लागतात, आणि कांहीं कंपन्यांचा अधिभार एवढा असतो कीं 'फुकट' या शब्दाची लाज वाटावी. तरीही मागच्या रांगेपेक्षां लांबच्या प्रवासांतील पलंगावर एकेका मैलाचें मोल बहुधा अधिक येतें. आमच्या या गृहस्थानें दोन महिने रात्रीं जागून ती एक जागा मिळविली होती. तो स्वतः त्याच विमानांत मागें बसणार होता.

आतां टांकसाळीकडे वळूं. या चलनावर कोणत्याही सरकारचा शिक्का नाहीं. तें पाडणारा, त्याची किंमत ठरविणारा आणि तें परत घेणारा एकच. किंगफिशरचीं विमानें ऑक्टोबर २०१२ मध्यें थांबलीं, आणि तिच्या सभासदांच्या मैलांस विमानच उरलें नाहीं. जेट एअरवेजचें शेवटचें विमान १७ एप्रिल २०१९ रोजीं सुटलें. तिची मैलयोजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळें मैल नांव बदलून जगले, पण ज्या विमानासाठीं ते सांचविले तें गेलें. कंपनी बुडाली नाहीं तरी बट्टा चुकत नाहीं. डेल्टानें २०१५ सालीं व युनायटेडनें २०१९ सालीं किती मैलांस कोणता प्रवास याचा ठराविक तक्ता काढून टाकला. एअर इंडियानेंही २०२४ सालीं अंतर सोडून खर्चिलेल्या रुपयांवर गुण मोजण्यास आरंभ केला. मैल हें केवळ नांव राहिलें. आणि टांकसाळीचें सामर्थ्य पहा: २०२० च्या साथींत विमानें जमिनीवर असतां युनायटेडनें आपली मैलयोजना तारण ठेवून पांच अब्ज डॉलर उभे करण्याचें ठरविलें, तेव्हां त्या योजनेची किंमत सुमारें बावीस अब्ज डॉलर धरली गेली. संपूर्ण कंपनीच्या समभागांची बाजारांतील किंमत तेव्हां त्याहून कितीतरी कमी होती.

पण हे मैल मुळांत कोणाचे? तिकीट धन्याचें, देह नोकराचा. जर्मनींत २००२ सालीं सरकारी प्रवासाचे मैल खासगी कामीं वापरल्याचें उघड होऊन ग्रेगोर गिझी यांनीं बर्लिनमधील मंत्रिपद सोडलें, आणि २००६ सालीं तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयानें असे मैल धन्याचे असा निकाल दिला. उलट अमेरिकेनें २००१ च्या अखेरीस कायदा करून आपल्या सरकारी नोकरांस ते स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. दोन्ही बाजूंस युक्तिवाद आहेत. आम्हांस मात्र वाटतें कीं, यांत तिसरा हक्कदार मोजलाच गेला नाहीं. मुलगा परदेशीं असतां ज्या घरीं वडिलांचें औषध दुसऱ्या कोणी आणलें, ज्या घरीं म्हातोबाच्या बगाडाच्या दिवशीं त्याचें पान मांडलें गेलें नाहीं, त्या घराच्या वांट्याचे दिवस खर्चून हे मैल पाडले गेले आहेत. खात्यांत अंतराची नोंद होते, अनुपस्थितीची होत नाहीं. वस्तुतः तीच या नाण्यांतील चांदी.

म्हणून आमच्या वाचकांस आम्ही दोनच गोष्टी सांगतों. हें चलन पेटींत ठेवून वाढत नाहीं. पुढें कधीं तरी मोठा प्रवास करूं म्हणून तें पुरून ठेवणारा टांकसाळवाल्याच्या लहरीवर आपल्या मुलाबाळांचे दिवस सोंपवितो. आणि खर्चावयाचें तर ज्यांच्या वांट्यांतून तें आलें त्यांच्यावर आधीं खर्चावें. थकलेल्या गुडघ्यांनीं लेकीच्या बाळंतपणास निघालेली आई त्या पलंगावर निजते, तेव्हां ती मुलाच्या मिळकतीवर चैन करीत नाहीं. स्वतःचेंच येणें थोडें वसूल करते.

त्या माउलीस आम्हीं हें समजावून सांगितलें. तिनें ऐकून घेतलें, मान हलविली, आणि मुलास विचारलें, "मग तुझ्यासाठीं मागें लाडू द्यायला मला उठून येतां येईल ना?"