आधी नळी, मग दुर्बीण

भिवंडीकडच्या आमच्या दिघाशीच्या पंचक्रोशीत बंदूक होती ती शेतकऱ्याची. वरकस जमिनीत नाचणी-वरई उभी राहिली, खाली भात निसवलं, की रात्री रानडुकरं उतरायची. माळ्यावर राखणीला बसणाऱ्याकडे परवाना असला तर एखादी ठासणीची बंदूक असायची. आमच्या आळीत अशी एक होती आणि लहानपणी मी ती हातात धरून पाहिली आहे. दस्ता तेल पिऊन काळा पडलेला, नळीच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी पितळी माशी, आणि मागे काहीच नाही. गजाने दारू ठासायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी. टोपी बसवायची आणि घोडा चढवायचा. नेम धरणं म्हणजे नळीवरून नजर लांबवून माशी जनावराच्या खांद्यावर बसवणं. अंधारात माशी दिसत नाही म्हणून तिला बोटाने चुना लावत.

या बंदुकीवर दुर्बीण लावायचं कोणाच्या मनातही आलं नसतं, आणि त्याचं कारण गरिबी एवढंच नव्हतं. तिची नळी आतून गुळगुळीत. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर पडते आणि पुढे तिला वाटेल तिकडे वळते. इथून जवळच वज्रेश्वरीचं देऊळ आहे, किल्ल्यासारखा तट असलेलं. 1739 मध्ये वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांच्या नवसापोटी ते उभं राहिलं. त्या मोहिमेतल्या तोड्याच्या बंदुकांचीही हीच गत होती. शंभर पावलांपलीकडचा एकटा माणूस हेरून टिपणं दैवावर असे. बार उडवायचा तो जमावावर.

माझं म्हणणं सरळ आहे, आणि या हत्याराचा सगळा इतिहास त्याला साक्ष आहे: नजरेचं साधन नळीच्या पुढे धावू शकत नाही. दुर्बिणी तर सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून होत्या. त्या बंदुकीवर उपयोगी पडायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं, कारण तोवर त्यांच्या तोलाची नळी नव्हती.

या कथेत मुंबई इलाख्याचा एक धागा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात डेव्हिड डेव्हिडसन नावाचा स्कॉटिश अधिकारी होता. रायफलवर बसवायची दुर्बीण त्याने तयार केली. ती नळीच्या वर न बसवता दस्त्याच्या डाव्या अंगाला बसवायची, अशी त्याची रचना. तिला साजेशी नळी केली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्लिश कारागिराने: आतून षट्कोनी, पीळ दिलेली, गोळीही त्याच घाटाची. 1860 च्या जुलैत विम्बल्डनला नेमबाजीची स्पर्धा सुरू झाली, तेव्हा व्हिटवर्थची रायफल लोखंडी घोडीवर आवळून बसवली होती. राणी व्हिक्टोरियाने दोरी ओढली आणि 400 यार्डांवरच्या पाटीवर गोळी मध्यापासून सव्वा इंचाच्या आसपास लागली. अशी नळी हाती आल्यावरच डेव्हिडसनच्या भिंगांना अर्थ आला. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी हीच जोडी वापरली.

आपल्याकडे मात्र सामान्य माणसाच्या हातात ना ती नळी आली, ना ती भिंगं. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला मनाई केली. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला आणि 1962 पासून लागू झाला. शेतकऱ्याला पीक संरक्षणाचा परवाना मिळे; निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. 1972 च्या वन्यजीव कायद्याने डुकरावर बार टाकणंही वनखात्याच्या परवानगीशिवाय बंद झालं, आणि माळ्यावरच्या बंदुका हळूहळू गंजून गेल्या.

खेळाची बंदूक आली ती वेगळ्या दाराने. 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवरची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. मुंबईत वरळीची रेंज आणि कॉलेजांतली एनसीसी या दोन ठिकाणी मराठी मुलंमुली नेमबाजी शिकली. अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून आल्या आणि 2000 मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. मीही भिवंडीत एनसीसीतच पॉइंट टू टू रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली. जमिनीवर पालथं पडून, श्वास अर्धा सोडून, चाप हळूहळू दाबत. पाच गोळ्या एका मुठीत मावल्या की उस्ताद म्हणायचे, 'ग्रुप आला, आता साइट हलवू.' आधी गोळ्या एकत्र यायला हव्यात, मग त्या मध्यावर न्यायच्या, हा क्रम त्यांनी कधी मोडू दिला नाही.

ऑलिंपिकच्या रायफलीवरही प्रतिमा मोठी करणारी दुर्बीण चालत नाही. तिथे असते पीप साइट: डोळ्याजवळ साधारण मिलिमीटरभराचं भोक, नळीच्या टोकाला एक कडी, आणि त्या कडीत निशाणाचा काळा गोल. बारीक भोकामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही पुरेसं स्पष्ट होतं. दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पन्नास मीटरला 10.4 मिलिमीटरचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी 451.4 गुणांनी कांस्यपदक जिंकलं, ते याच साधनाने. 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचे वडील शिक्षक. मुलाच्या खेळासाठी त्यांनी कर्ज काढलं. तो पैसा गोळ्या आणि सराव यांत गेला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

हे सगळं मी लिहायला बसलो त्याला निमित्त माझा पुतण्या. त्याच्याकडे साधी नळी मोडून भरायची पॉइंट वन सेव्हन सेव्हन एअरगन आहे. अंबरनाथच्या प्रीसिहोलसारख्या कंपनीने अशा बंदुका इथेच बनवायला घेतल्यापासून आमच्या भागातही त्या दिसू लागल्या. ही कंपनी मुळात नळ्यांना खोल भोकं पाडणाऱ्या यंत्रांच्या घराण्यातली. म्हणजे इथेही सुरुवात नळीपासूनच झाली. पुतण्या म्हणाला, "काका, पाच हजारात तीन ते नऊ पटीची दुर्बीण मिळतेय. घेऊ का?"

मी त्याला आधी विचारलं, स्पर्धेत उतरायचंय का? उतरायचं असेल तर दुर्बिणीचा उपयोग नाही. ओपन साइटचा गट आहे, पीप साइटचा आहे, त्यातला एक धर आणि पैसे छर्ऱ्यांना ठेव. पण त्याला घरामागे मातीच्या बांधावर डबे आणि कागद टिपायचे होते. (पाखरांवर नाही, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं. एअरगनने पाखरू मारणं हाही गुन्हाच आहे, आणि व्हायलाच हवा.) मग दुर्बिणीला हरकत नव्हती.

स्वस्त दुर्बिणीत पटी वाढली की आधी उजेड जातो. चाळीस मिलिमीटरचं भिंग नऊ पटीवर नेलं, तर डोळ्यापर्यंत साडेचार मिलिमीटरचाही झोत पोचत नाही; बत्तीसचं भिंग चार पटीवर आठ मिलिमीटरचा देतं. त्यातून स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का दुहेरी असतो. पिस्टन सुटताना बंदूक मागे येते आणि तो आदळला की पुढे फेकली जाते. मोठ्या रायफलीसाठी केलेल्या स्वस्त दुर्बिणी मागचा धक्का सोसतात, पुढच्याने त्यांची आतली तार सरकते. तिसरी गोष्ट अंतराची. बहुतेक दुर्बिणी शंभर यार्डांवर जुळवलेल्या येतात. त्यांतून दहा मीटरवरचा कागद धूसर दिसतोच, शिवाय डोळा जरा हलला की फुलीही निशाणावरून सरकते. म्हणून एअरगनसाठीचीच घ्यायची, पुढच्या भिंगाच्या कड्याने जवळचं अंतर जुळवता येणारी. दुर्बिणीची नळी एक इंचाची हवी. पाऊण इंची, वीसच्या भिंगाची घेऊ नये. पकडी बंदुकीच्या अकरा मिलिमीटरच्या खाचेत बसणाऱ्या असाव्यात, मागे अडवणारी खुंटी असलेल्या, नाहीतर दुर्बीण धक्क्याधक्क्याला मागे घसरते.

मग आम्ही पंचवीस मीटरवर कागद लावला. दुर्बीण न लावता आधी पाच छर्रे, बंदूक वाळूच्या पिशवीवर ठेवून. ते तळहाताएवढ्या जागेत विखुरले. छर्ऱ्यांचा डबा बदलला, नळीच्या बुडाचा स्क्रू आवळला, तेव्हा पसारा निम्म्यावर आला. दुर्बीण त्यानंतर आली: चार पटीची, बत्तीसची, पटी न बदलणारी. ती बसवून आम्ही चौकोन काढून पाहिला. नेम एकाच ठिपक्यावर ठेवायचा, पण खटके वीस वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असे फिरवत प्रत्येक कोपऱ्यात छर्रा टाकायचा. शेवटचा छर्रा पहिल्याच्या शेजारी यायला हवा. आमचा बोटाच्या पेराएवढा बाजूला आला. पुतण्या दुर्बीण परत करायला निघाला होता. मी त्याला त्याच खटक्यांवर आणखी पाच टाकायला सांगितले. ते पहिल्या छर्ऱ्याभोवती पडले. चुकलेला एक त्याच्या चाप ओढण्यातला होता. उरलेल्या पैशांत त्याने छर्ऱ्यांचे डबे घेतले.