परमुलखातील औषधपाणी

मनुष्य आपल्या गावी आजारी पडला, तर त्याच्या आजाराची वार्ता औषधाच्या आधी चार घरी पोहोचते. कोणी काढा आणून देतो, कोणी डॉक्टरकडे धावतो, कोणी पैसे उसने देतो आणि ते परत मागावयास विसरतो. तोच मनुष्य परमुलखात अंथरुणास खिळला, म्हणजे त्यास पहिला प्रश्न प्रकृतीचा विचारला जात नाही. तुम्ही कोण, कोठले, कोणाकडे कामास आहात, हे आधी विचारले जाते. परमुलखात औषध कोणास मिळाले व कशाच्या बळावर मिळाले, याचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी ह्या प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास होय.

आवडीस राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांस हा विषय सुचावा, यात नवल नाही. मराठी कानास गोड लागणारे नाव धारण करणारे हे गाव चेन्नईच्या पश्चिमेस आहे. 1955 च्या जानेवारीत येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव संमत झाला. 1961 साली येथे अवजड वाहनांचा कारखाना निघाला. 1965 साली त्यातून पहिला 'विजयंता' रणगाडा बाहेर पडला. 1964 साली शेजारच्या अंबत्तूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. तेव्हापासून येथील रेल्वे फलाटावर दोन तऱ्हेचे परप्रांतीय उतरत आले आहेत. एक बदलीचा हुकूम घेऊन येतो, दुसरा ठेकेदाराच्या शब्दावर येतो. दोघांचीही भाषा येथे परकी, दोघांचेही गाव दूर. परंतु आजारपणात त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पहिल्याची वाट सरकारने फार पूर्वी आखून दिली. केंद्रीय नोकरांच्या वैद्यकीय उपचारांचे नियम 1944 सालचे आहेत. 1 जुलै 1954 रोजी दिल्लीत केंद्रीय नोकरांसाठी वर्गणीवर चालणारी आरोग्य योजना सुरू झाली. ती 1963 साली मुंबईस आणि 1975 साली मद्रासेस पोहोचली. पगारातून ठरावीक वर्गणी कापली जाते व उपचाराचा हक्क बदलीबरोबर गावोगाव हिंडतो. अर्थात येथेही पगाराची पायरी आहेच. 2022 च्या आदेशाप्रमाणे 36,500 रुपयांपर्यंत मूळ वेतन असणाऱ्यास सामान्य कक्ष, 50,500 पर्यंत निमखाजगी आणि त्याहून वर खाजगी खोली, अशी वाटणी ठरली. तथापि कक्ष कोणताही असो, दार उघडते. हे दार आमच्या गुणांनी उघडत नाही. आमचा धनी देशभर एकच आहे म्हणून उघडते, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

दुसऱ्याच्या वाटेचा इतिहास अधिक लांबचा आहे आणि त्याचे एक पान ह्याच तमिळ मुलखात, आपल्याच भाषेच्या राजांनी लिहिलेले आहे. तंजावरच्या भोसले राजघराण्याने रामेश्वरच्या यात्रामार्गावर छत्रे बांधली. ओरत्तनाडचे मुक्तांबाळ छत्र, निडामंगलमचे यमुनांबा छत्र ही त्यांतील नामांकित होत. 1799 च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. त्यानंतर 1801 साली सरफोजी राजे (दुसरे) यांनी इंग्रज रेसिडेंट टॉरिन यास पत्र लिहून ह्या छत्रांचे काम समजावून सांगितले. वाटसरूंस अन्न मिळेच. पण जो आजारी पडे त्यास बरा होईपर्यंत औषध व पथ्य मिळे, आणि वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीची तीन महिने काळजी घेतली जाई. येथे वाटसरूची मिळकत कोणी मोजत नव्हते. तो वाटसरू आहे, एवढीच त्याची पात्रता.

ही व्यवस्था निर्दोष होती, असे आमचे म्हणणे नाही. दान हे दात्याच्या मर्जीचे असते. त्यावर घेणाऱ्याचा दावा चालत नाही. शिवाय छत्र यात्रेकरूसाठी होते, चार दिवसांनी पुढे जाणाऱ्यासाठी होते. पोटासाठी येऊन वर्षानुवर्षे राहणाऱ्या परक्याचे काय करावयाचे, हा प्रश्न गिरण्या निघाल्यावर उभा राहिला आणि तो सर्वांत आधी उभा राहिला मुंबईस.

मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा ह्या जिल्ह्यांतून माणसे आली. त्यांचा आजारपणाचा विमा म्हणजे त्यांचे गाव. अंगात ताप मुरला की कामगार बोटीने कोकणात जाई; बरा झाला तर परते, न झाला तर तेथेच मातीस मिळे. 1896 साली प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. भीती तर खरीच; परंतु आजाऱ्यास सांभाळणारे माणूस गावी होते आणि शहरात नव्हते, हेही खरे. ह्या गोष्टीचा लाभ कोणास झाला, ते उघड आहे. कामगाराच्या आजाराचा खर्च गिरणीने सोसला नाही, शहराने सोसला नाही. तो कोकणातील भातखाचराने आणि तेथे राहिलेल्या बायकांच्या श्रमाने सोसला. कामगारविषयक व्हिटले आयोगाने 1931 च्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू मानली व ते टिकवावे असे म्हटले. त्या मताचा दुसरा अर्थ असा की, कामगार धडधाकट असेल तोवर शहराचा, आणि आजारी पडला की गावाचा.

त्याच आयोगाचे एक सभासद नारायण मल्हार जोशी होते. 1911 साली त्यांनी मुंबईस सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती. आयोगाने आजारपणाच्या विम्याचा विचार व्हावा, असेही सुचविले. परंतु बारा वर्षे विचारच चालला. 1942 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखात्याचे सभासद झाले. 1943 च्या मार्चमध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांची योजना तयार करण्यासाठी नेमणूक झाली आणि 1944 च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल सादर झाला. त्यातून 1948 सालचा राज्य कामगार विमा कायदा निघाला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपूर येथे योजनेचा आरंभ झाला. 1954 साली ती मुंबईस आली. 1958 पासून कामगाराच्या कुटुंबासही औषधोपचार मिळू लागला. अंबत्तूर-आवडीच्या कामगारास जवळच अयनावरम येथे ह्या योजनेचे रुग्णालय आहे.

हा कायदा म्हणजे छत्राच्या दानाचे हक्कात झालेले रूपांतर होय, असे आम्ही मानतो. परंतु हक्क लिहावयाचा म्हणजे तो कोणाचा, हेही लिहावे लागते आणि येथेच परका पुन्हा उंबऱ्याबाहेर राहिला. कायद्याने हंगामी कारखाने वगळले. त्यांत साखरेचे कारखाने आले. महिना 400 रुपयांची वेतनमर्यादा घातली. ती वाढत वाढत 2017 साली 21,000 झाली. पगार मर्यादेपलीकडे गेला की चालू सहामाही संपताच विमा संपतो, आणि ज्यास खाजगी रुग्णालय परवडत नाही असाच मनुष्य 'सधन' ठरतो. खालच्या टोकास दुसरी अडचण आहे. कामगार विमापात्र नोकरीत लागला की औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतो. परंतु आजारपणात बुडालेल्या मजुरीबद्दल 70 टक्के रक्कम हवी असेल, तर सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पेरणीस व कापणीस गावी जाणारा, ठेकेदार बदलणारा, हजेरीपटावर नावच नसणारा मजूर ह्या 78 दिवसांपर्यंत पोहोचत नाही. त्याचे उत्पन्न इतर कामगाराएवढेच असते. त्याचे दिवस मात्र निरनिराळ्या वह्यांत विखुरलेले असतात.

हंगामी म्हणून जो वगळला गेला, त्याचे काय झाले ते पाहण्यास बीड जिल्ह्याकडे वळावे. तेथील जोडपी दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. एखादा दिवस चुकला तर खाडा पडतो व त्याचे पैसे कापले जातात. 2019 साली ह्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार असल्याचे उघडकीस आले व शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दरमहाच्या दुखण्यात खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण सांगितले गेले. मजुरी बुडण्याची भरपाई देणारा विमा नसला, म्हणजे शरीरच गहाण पडते, असा याचा अर्थ आहे.

गेल्या दोन दशकांत कार्डांचा काळ आला. 2008 साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबास वर्षाला 30,000 रुपयांचे संरक्षण दिले. घरधनी परमुलखात कामास असेल तर कार्डाची दोन कार्डे करण्याची सोय तीत होती. ही कल्पना मोठी समजूतदार होती. महाराष्ट्रात 2012 साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेस 2017 साली महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. तमिळनाडूची योजना 2009 ची, ती 2012 पासून मुख्यमंत्र्यांच्या नावे चालू झाली. तीत सुरुवातीस वर्षाला 72,000 रुपयांची उत्पन्नमर्यादा होती. परप्रांतीय मजुरासही तीत प्रवेश ठेवला. मात्र सहा महिन्यांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. 2018 च्या आयुष्मान भारत योजनेने पाच लाखांचे संरक्षण राज्याबाहेरही नेता येईल असे केले. ह्या सर्व पायऱ्या पुढच्याच आहेत. तरीही 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतील सुमारे 81 टक्के लोकांस आरोग्यखर्चाचे कोणतेही संरक्षण नव्हते. शिवाय ही कार्डे बहुतांशी रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. ज्यास आठ दिवस ताप आहे आणि ज्याची आठ दिवसांची मजुरी बुडाली आहे, त्यास ती फारशी उपयोगी पडत नाहीत.

अशा विषयाचा अभ्यास करणारे विद्वान बहुधा दोन रकाने आखतात: उत्पन्न किती आणि विमा आहे की नाही. आमच्या मते परक्या मनुष्याविषयी आणखी दोन रकाने हवेत: विमा कोणत्या पत्त्यावर आहे आणि किती दिवसांनी लागू होतो. विमा आहे परंतु तो बालेश्वरच्या शिधापत्रिकेवर आहे. विमा आहे परंतु तो पुढल्या सहामाहीत लागेल. असा मनुष्य तक्त्यात विमाधारक दिसतो आणि अंबत्तूरच्या खोलीत तापाने फणफणत पडतो.

उलट, जेथे कागद मागितलाच जात नाही तेथे काय घडते, हेही ह्याच राज्यात पाहावयास मिळते. मद्रासचे मोठे सरकारी रुग्णालय 1664 पासूनचे आहे. 1994 साली तमिळनाडूने औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले, त्यामुळे सरकारी दवाखान्यांत औषधे वेळेवर व फुकट मिळू लागली. ओडिशाचा किंवा बिहारचा मजूर तेथे रांगेत उभा राहतो. भाषा येत नसली तरी खुणेने पोट दाखवितो आणि गोळ्या घेऊन जातो. ओरत्तनाडच्या छत्राची रीत जर कोठे शिल्लक असेल, तर ती ह्या रांगेत आहे, असे आम्हांस वाटते. फरक एवढाच की, आता तिचा खर्च राजाच्या मर्जीतून न होता सर्वांच्या करातून होतो. तिला मजुरीच्या भरपाईची जोड मिळाली, तर परक्याच्या औषधपाण्याचा प्रश्न बराचसा सुटेल.

वाचकांपैकी पुष्कळ जण आमच्याप्रमाणेच फायलींत जन्म घालविणारे आहेत. कायदे दिल्लीत होतात. 2020 साली 1948 चा तो कायदाही सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला. परंतु ठेकेदाराने मजुरांची यादी दिली की नाही, वर्गणी भरली की नाही, हजेरीपटावर नाव चढले की नाही, हे पाहणारे डोळे आपल्यासारख्यांचेच असतात. अठ्ठ्याहत्तर दिवसांपैकी एक दिवस नोंदावयाचा राहिला, तर आपल्या लेखी तो एका रकान्यातील कोरा चौकोन असतो. ज्याचा तो दिवस आहे, त्यास तेवढ्याच कारणासाठी आजारपणात अर्धपोटी राहावे लागते. तो चौकोन भरलेला आहे ना, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.